कोबीचं तिखट लोणचं दर वेळी बिघडतं? मऊ पडणं, तार धरणं, पांढरी साय: काय आणि कोणत्या क्रमाने तपासायचं

आधी लक्षणं बघून घ्या. आपलं दुखणं नेमकं कुठलं ते कळलं की पुढचं निम्मं वाचायची गरजही पडणार नाही.

मीठ चोळून रात्र गेली, तरी बरणीच्या तळाशी जेमतेम दोन चमचे पाणी. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रसावर पांढरी, सुरकुतलेली साय. कोबी आंबट झाला, पण दाताखाली कच्च वाजत नाही, शिजवल्यासारखा लिबलिबीत. चमचा वर उचलला की रसाची तार निघते. वरचा थर तपकिरी, खालचा ठीक. मधेच कुठेतरी गुलाबी छटा. वर केसाळ ठिपके, हिरवे नाहीतर काळे. चार दिवस झाले तरी आंबटपणाचं नाव नाही, नुसता कुबट वास. आणि शेवटची, मसाल्याची तक्रार: लोणचं कडू लागतं, मोहरी नाकात चढतच नाही.

झाकण उघडताना फस्स होणं, रस फेसाळणं, पहिले दोन दिवस घरभर कोबीचा उग्र वास, रस गढूळ होणं, लसणाची पाकळी निळी-हिरवी पडणं या तक्रारी नव्हेत. आंबवण नीट चालू असल्याच्या खुणा आहेत. लसूण निळा पडतो तो त्याच्यातली गंधकाची द्रव्यं आणि आम्ल यांच्यामुळे. खायला काही होत नाही. त्या निळ्या लसणापायी आमच्या ऐरोलीच्या सोसायटीत चांगल्या बरण्या कचऱ्यात गेल्या आहेत, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आता हे दुखणं परत परत का येतं ते. मी आंबवलेल्या कोबीचं लोणचं करते, आणि बिघडलेल्या बरण्या बघायला बिल्डिंगमधल्या बायका माझ्याकडेच येतात. बहुतेक बरण्यांत एकच गोष्ट आढळते: करणारीने दुसऱ्या कुठल्या तरी लोणच्याचे नियम लावलेले असतात. एक तर थंड देशातल्या कृती. कोरियात किमची हिवाळ्याच्या तोंडावर घालतात, पूर्वी मातीचे रांजण जमिनीत पुरत. जर्मन पद्धतीचा आंबट कोबी १८ ते २२ अंशांत तीन-चार आठवडे मुरतो. तिथलं ‘घरातलं तापमान’ आपल्याकडे जानेवारीतल्या पहाटे सोडलं तर कधी मिळत नाही. किंवा मग आजीच्या कैरीच्या लोणच्याचे नियम: पाण्याचा थेंब नको, वर तेलाचा तवंग हवा, बरणीला ऊन दाखवा. पण कैरी मुळातच आंबट, शिवाय तिला मीठ भरपूर पडतं. कोबीत स्वतःचा आंबटपणा जवळजवळ नसतो. तो बरणीत तयार व्हावा लागतो, आणि तो तयार करतात कोबीच्या पानांवरच असलेले लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू. त्यांना लागतं मोजकं मीठ, हवेपासून आडोसा आणि बेताची ऊब. तिन्हींपैकी एक चुकलं की दुसरेच कुणी तरी बरणीचा ताबा घेतात.

म्हणून तपासणी खालच्या क्रमाने करा. आधी फुकटातली, मग स्वस्तातली, मग खटपटीची. क्रम सोडून थेट नवी बरणी विकत आणू नका. बरणीचा दोष क्वचितच असतो.

डोळे आणि नाक

उजेडात बरणी घ्या. वर पांढरी, सपाट, सुरकुत्या पडलेली साय असेल तर ते यीस्ट. विषारी नाही, पण चव उतरवतं. कोरड्या चमच्याने अलगद काढा, बरणीची आतली कड कागदाने पुसा आणि पुढच्या दोन तपासण्या लगेच करा, कारण ही साय हवा लागल्याची पावती आहे.

केसाळ, लोकरीसारखं, हिरवं, काळं किंवा निळसर काही दिसलं तर ती बुरशी. तिथे ‘वरचं काढून खालचं वापरू’ चालत नाही. बुरशीचे तंतू दिसतात त्याहून खोल गेलेले असतात, शिवाय काही बुरश्या बरणीतलं आम्लच खाऊन टाकतात. ज्या आंबटपणाच्या भरवशावर लोणचं टिकायचं, तोच कमी होतो. अख्खी बरणी टाका. गुलाबी छटा बहुधा मीठ सगळीकडे सारखं न लागल्याची किंवा जास्त झाल्याची खूण असते, तीही टाकायचीच.

वास: आंबट, थोडा उग्र, मुळ्याच्या अंगाने जाणारा असेल तर ठीक. सडक्या अंड्याचा, मेलेल्या उंदराचा, गटाराचा असेल तर चव घेऊन बघायचं नाही. एक थेंबही नाही. उकळून, परतून, भजीत घालून वापरायचं नाही.

कोबी रसाखाली आहे का?

ही तपासणी फुकट आहे आणि तिच्यातच सगळ्यात जास्त बरण्या सुटतात. स्वच्छ हाताने कोबी खाली दाबा. रस वर येऊन निदान बोटाच्या एका पेराएवढा कोबीवर राहायला हवा. वर तरंगणारा एखादा तुकडाही चालत नाही. रसाबाहेरच्या तुकड्याला हवा मिळते, आणि साय किंवा बुरशी तिथूनच सुरू होते. वरचा थर तपकिरी पडतो तो यामुळेच.

इथे कोशिंबिरीची सवय नडते. मीठ लावायचं, पाणी सुटलं की पिळायचं, पाणी ओतून द्यायचं. हाताला वळणच तसं पडलेलं असतं. वरच्या मजल्यावरची एक मुलगी बरणी घेऊन आली होती.

‘काकू, मी सगळं कोरडं केलंय हो. एक थेंब पाणी ठेवलं नाही.’

‘अगं, मग तो मुरणार कशात?’

सुटलेलं पाणी हेच लोणच्याचं घर. ते फेकायचं नाही.

दाबायला वजन हवं. आधी कोबीचं बाहेरचं एक अख्खं पान बरणीच्या तोंडाच्या मापाने फाडून वर पसरा, म्हणजे बारीक तुकडे वर येत नाहीत. त्यावर काचेची छोटी वाटी उपडी ठेवा, नाहीतर जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत मिठाचं पाणी भरून, तोंड घट्ट बांधून ती ठेवा. पिशवीत साधं पाणी भरू नका. पिशवी गळली तर बरणीतलं मीठ पातळ होईल. मिठाच्याच पाण्याची पिशवी गळली तर बिघडत काही नाही. पान शेवटी टाकून द्यायचं.

रस कमीच असेल तर एक कप, म्हणजे २०० मिली, उकळून गार केलेल्या पाण्यात ५ ग्रॅम मीठ विरघळवून वरून ओता. उकळायचं कारण नळाच्या पाण्यातलं क्लोरीन. ते जंतू मारायलाच घातलेलं असतं. आपले कामाचे जंतू आणि बिनकामाचे, असा भेद ते करत नाही.

बरणी कुठे ठेवली आहे?

मऊ पडणारा कोबी आणि तार धरणारा रस, या दोन्हींचं मूळ मला बहुतेक वेळा इथेच सापडतं. ओटा. गॅसच्या शेगडीपासून दोन हातांवर, फ्रिजच्या डोक्यावर, किंवा पश्चिमेच्या भिंतीला टेकलेला कट्टा. ठाणे-नवी मुंबईत वरच्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात एप्रिल-मे आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात दुपारी ३३-३४ अंश सहज होतात, आणि स्लॅब रात्रीही निवत नाही.

उष्णतेने काय होतं ते समजून घ्या, म्हणजे जागा शोधताना आळस येणार नाही. आंबवणात पहिली पाळी असते ल्युकोनोस्टॉक जातीच्या जिवाणूंची. ते गॅस सोडतात, हवा बाहेर ढकलतात, चवीला गोलाई आणतात. त्यांना गारवा मानवतो. मग लॅक्टोबॅसिलस येतात आणि आंबटपणा पुरा करतात. उकाड्यात पहिली पाळी घाईत उरकते आणि दुसरी धाडकन सुरू होते. लोणचं दोन दिवसांत झणझणीत आंबट होतं, पण चव एकसुरी. त्याच वेळी कोबीच्या पेशींना एकत्र धरून ठेवणारं पेक्टिन तोडणारी विकरंही (एन्झाइम) उष्णतेने जोरात काम करतात, म्हणून कोबी लिबलिबीत. तार धरतो तो काही जिवाणू साखरेपासून चिकट द्रव्य बनवतात म्हणून. उष्णता जास्त आणि मीठ कमी असलं की हे हमखास. गूळ-साखर आधीच घातली असेल तर विचारूच नका.

उपाय जागेचा आणि वेळेचा. जागा: पलंगाखालची फरशी, आतल्या खोलीतल्या कपाटाचा सगळ्यात खालचा कप्पा, उन्हाची भिंत नसलेला कोपरा. रात्री एसी लागत असेल तर तीच खोली. ओलं फडकं गुंडाळून परातीतल्या पाण्यात बरणी ठेवायची युक्ती नाशिक-पुण्याकडे छान चालते. आपल्याकडे खाडीवरची दमट हवा. फडक्यातलं पाणी उडतच नाही, त्यामुळे गारवा बेताचाच येतो, आणि पावसाळ्यात तर नुसतं फडकं कुबट होतं. परात मात्र ठेवाच, ओघळणारा रस तिच्यात पडतो.

वेळ: कृतीत तीन आठवडे लिहिलेत म्हणून तीन आठवडे बाहेर ठेवायचं नाही. उकाड्यात दुसऱ्या दिवसापासून रोज चव घ्या. साधारण दोन ते चार दिवसांत आंबट लागायला लागतो. हवा तेवढा आंबट झाला की लगेच फ्रिजमध्ये. थंडीच्या दिवसांत पाच ते सात दिवस लागतात, आणि चवीला तेच सगळ्यात चांगलं होतं. मी डिसेंबर-जानेवारीत मोठी बरणी घालते आणि मे महिन्यात घालतच नाही. मे महिना कैरीचा. त्या महिन्यात कोबीशी भांडण्यात अर्थ नाही.

वर तेल ओतून ठेवणं आणि बरणी उन्हात ठेवणं, दोन्ही बंद. तेलाच्या थराखाली गॅस अडकतो, साय काढता येत नाही आणि आत काय चाललंय ते दिसत नाही. उन्हाबद्दल वर सांगितलंच.

मीठ मोजलं का?

आतापर्यंत एक पैसाही लागला नाही. इथे तीन-चारशे रुपयांचा स्वयंपाकाचा डिजिटल काटा लागतो. या लोणच्यासाठी एकच वस्तू विकत घ्यायची असेल तर ती हीच. काटा खरा आहे का ते बघायला न फोडलेला एक किलोचा मिठाचा पुडा ठेवा. पिशवीसकट किलोच्या किंचित वर दाखवायला हवं.

‘अंदाजे दोन चमचे’ हे माप नव्हे. बारीक मिठाचा सपाट चहाचा चमचा साधारण ६ ग्रॅम भरतो, खडे मिठाचा त्याहून कमी, कारण खड्यांच्या मधे मोकळी जागा असते. त्यात प्रत्येक घरातला चमचा वेगळा. कोबीचा गड्डाही कधी ६०० ग्रॅमचा, कधी दीड किलोचा. मग एका वेळी जमलं, पुढच्या वेळी फसलं, आणि दोष कोबीला.

हिशेब असा: दांडा आणि बाहेरची पानं काढून, चिरून झाल्यावर वजन करा. त्याच्या २.५ टक्के मीठ, म्हणजे एक किलो चिरलेल्या कोबीला २५ ग्रॅम. थंडीत २२ चालतं, उकाड्यात ३० पर्यंत न्या. २ टक्क्यांच्या खाली गेलात तर मऊ पडतो, कारण सडवणाऱ्या जंतूंना अडवायला आणि विकरांना आवरायला मीठच असतं. साडेतीन-चारच्या वर गेलात तर कामाचे जिवाणूच अडखळतात: आंबट होत नाही, नुसता खारट कोबी बसून राहतो, आणि गुलाबी रंगाच्या यीस्टला फावतं. चार दिवस झाले तरी आंबट नाही, अशा बरण्यांत एक तर मीठ जास्त असतं नाहीतर कोबी फ्रिजमध्येच घातलेला असतो.

आयोडीनचं मीठ वापरू नये असं खूप ऐकायला मिळतं. मी पुड्यातलं साधं आयोडीनयुक्त मीठच वापरते, आंबवण थांबत नाही. गुठळी होऊ नये म्हणून त्यात जे घालतात त्याने रस थोडा गढूळ दिसतो, एवढंच.

मीठ चोळायचं म्हणजे भुरभुरायचं नव्हे. मोठ्या परातीत कोबी पसरा, मीठ टाका आणि तळव्याने जोर देऊन चुरा. सुरुवातीला करकर आवाज येतो, पानं हाताला टोचतात. पाचेक मिनिटांनी आवाज बसतो, पानं काचेसारखी अर्धपारदर्शक दिसायला लागतात, मूठ आवळली की बोटांच्या फटींतून धार लागते. धार लागली की झालं. न लागली तर अर्धा तास झाकून ठेवून पुन्हा चुरा.

कोबी कसला आहे?

एवढं करूनही पाणी सुटत नसेल तर गड्डा शिळा आहे. वाशीच्या बाजार समितीत नाशिक आणि पुणे भागातून माल येतो, तिथून आपल्या भाजीवाल्याकडे. वाटेत आणि टोपलीत किती दिवस गेले ते दांड्यावरून कळतं. दांड्याची कापलेली बाजू पांढरट आणि ओलसर हवी. तपकिरी, सुकलेली, भेगाळलेली असेल तर पानांतलं पाणी आधीच उडालेलं आहे. भाजीला तो चालेल, लोणच्याला नको. ठाण्यात जांभळी नाक्याला सकाळी गेलात तर निवडायला मिळतो. रात्रीच्या गाडीवरचा स्वस्त गड्डा या कामाचा नाही. हाताला जड, घट्ट, दाबला तर न दबणारा घ्या. पावसाळ्यातला सैल पानांचा कोबी पाणी भरपूर सोडतो पण लवकर मऊ पडतो.

बाजारातून आणून आठवडाभर फ्रिजमध्ये ठेवलेला वापरू नका. नळाखाली खसाखसा घासून, मिठाच्या नाहीतर व्हिनेगरच्या पाण्यात तासभर बुडवूनही ठेवू नका. बाहेरची दोन-तीन पानं काढा, उरलेला गड्डा साध्या पाण्याने धुवा, बस. किसणीवर किसू नका, लगदा होतो. विळीवर किंवा सुरीने, मॅचच्या काडीच्या दुप्पट जाडीचा चिरा.

कुरकुरीतपणासाठी पानाचा चुना घालायचा सल्ला कुणी ना कुणी देतंच. या लोणच्यात घालू नका. चुना आम्ल मारतो. टिकाऊपणासाठी आपण जे चार दिवस खपून तयार करतो, तेच तो खाऊन टाकतो.

मसाला कधी घातला?

कडू लागणं आणि मोहरी न चढणं, दोन्ही इथलं. मोहरीचा झणका मोहरीत तयार नसतो. डाळ पाण्यात फेसली की तिच्यातलं विकर जागं होतं आणि मग ते नाकात चढणारं द्रव्य तयार होतं. कडकडीत फोडणी थेट मोहरीच्या डाळीवर ओतली की विकर मरतं. मग झणका नाही, उरतो फक्त कडवटपणा. मेथी जास्त तळली तरी कडूच.

माझी पद्धत अशी. बरणीत फक्त कोबी, मीठ, आल्याच्या काड्या आणि उभ्या चिरलेल्या हिरव्या मिरच्या आंबवायच्या. लाल तिखट, मोहरी, तेल काही नाही. हा पांढरा आंबट कोबी फ्रिजमध्ये राहतो. दर आठवड्याला त्यातला लागेल तेवढाच काढून मसाला लावायचा. पाव किलो कोबीला एक मोठा चमचा मोहरीची डाळ, दोन-तीन चमचे पाणी घालून फेसलेली, दहा मिनिटं झाकून ठेवलेली. एक मोठा चमचा लाल तिखट. पाव चमचा हळद. छोट्या कढल्यात दोन मोठे चमचे शेंगदाण्याचं तेल तापवून त्यात चिमूटभर मेथीदाणे आणि हिंग, गॅस बंद. फोडणी बोट बुडवता येईल इतकी गार झाली की मगच कोबीवर. आगरी मसाल्याचा मोह होत असेल तर तो याच वेळी, अर्धा चमचा, तिखटाच्या जोडीला. बरणीत आधीपासून घातला तर भाजलेल्या मसाल्याचा वास आंबून विचित्र होतो. गूळ हवा असेल तर तोही आत्ता.

लसणाची फोडणी केली असेल तर मसाला लावलेलं लोणचं ओट्यावर ठेवायचंच नाही. तेलात बुडालेला लसूण बाहेरच्या तापमानाला राहणं ही एकूणच धोक्याची गोष्ट आहे. फ्रिज, आणि आठवड्यात संपवा.

बरणी आणि झाकण

पटकन सांगते. काचेची सगळ्यात चांगली, कारण आतलं दिसतं. चिनीमातीच्या जुन्या बरणीच्या आत केसासारख्या भेगा असतील तर त्या घासून निघत नाहीत, ती शोभेला ठेवा. तांबं, पितळ, ॲल्युमिनियम नको, मीठ-आम्लाने धातू उतरतो. पत्र्याचं झाकण गंजतं. बरणी तीन-चतुर्थांशच भरा. आंबत असताना झाकण घट्ट आवळू नका, आणि रोज एकदा सैल करून गॅस जाऊ द्या.

गॅस कोंडून झाकण अडकलं असेल तर जोर लावून, सुरीचं टोक घालून उघडू नका. काच फुटते. आधी काही तास फ्रिजमध्ये ठेवून गार करा, मग मोरीत नेऊन जाड टॉवेलमध्ये गुंडाळून हळूहळू फिरवा.

आंबटपणा मोजणं

ही शेवटची घरगुती तपासणी, थोडी खटपटीची. पीएच म्हणजे आंबटपणाचा आकडा, तो जितका कमी तितका आंबटपणा जास्त. पीएचच्या कागदी पट्ट्या प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्यांकडे आणि ऑनलाइन मिळतात. १ ते १४ वाल्या घेऊ नका, त्यावर ४ आणि ५ यांतला फरक डोळ्यांना कळत नाही. ३ ते ६ च्या आसपासच्या घ्या. रसाचा पीएच ४.६ च्या खाली असणं ही सुरक्षिततेची सीमा, कारण त्याच्या खाली बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचं विष बनवणारा जिवाणू वाढत नाही. मी ४ किंवा कमी आल्याशिवाय बरणी खायला काढत नाही. नीट आंबलेला कोबी साडेतीनच्या आसपास जातो.

मोजणी मसाला लावायच्या आधी करा. हळद-तिखटाच्या रसात पट्टी पिवळी-केशरीच दिसणार, मग आकडा काय वाचणार? पांढरा कोबी वेगळा ठेवायचं हेही एक कारण.

आठ दिवस नीट जागी, मोजून मीठ घालून ठेवलेल्या बरणीचा आकडा ४.६ च्या वर असेल तर लिंबू पिळून ती वाचवू नका. टाका. लिंबू घातलेलं कोबीचं लोणचं हवं असेल तर ताज्या कोबीचं करा, मोहरी आणि लिंबू घालून. फ्रिजमध्ये ठेवून चार-पाच दिवसांत संपवायचं, आंबवायची भानगडच नाही.

फ्रिजमध्ये ठेवूनही लोणचं आंबटच होत चाललं असेल तर फ्रिज बघा. ग्लासभर पाण्यात थर्मामीटर बुडवून रात्रभर आत ठेवा, ५ अंशांच्या आत दाखवायला हवं. बरणी दाराच्या कप्प्यात असेल तर आत, मागे सरकवा.

वास चांगला आंबट, बुरशी नाही, आकडा ठीक, पण कोबी मऊ पडलाय? मऊ झालेला परत कडक होत नाही. पिळून थालीपिठात घाला, रसासकट पिठल्यात घाला. पिठल्यात तर फारच छान लागतो, घरचे ओळखतही नाहीत.

इथे थांबा, आणि जाणकाराकडे जा

एकाच पद्धतीने केलेल्या लागोपाठ बरण्यांना केसाळ बुरशी येत असेल, मीठ, जागा, रस सगळं तपासून झालं असेल, तर महिनाभर लोणचं बंद ठेवा. कपाटातली ओल, गळका पाइप, भिंतीवरची बुरशी बघा. ते काम प्लंबरचं आणि वॉटरप्रूफिंगवाल्याचं.

विकायचं असेल तर घरच्या कागदी पट्टीवर भागत नाही. एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी घ्या आणि मान्यताप्राप्त अन्न प्रयोगशाळेतून नमुना तपासून घ्या. बचत गटाच्या स्टॉलवर ठेवायच्या बरणीलाही हेच लागू.

रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर रोज खाण्याआधी डॉक्टरांना विचारा. २.५ टक्के मिठाचं ४० ग्रॅम लोणचं म्हणजे एक ग्रॅम मीठ, आणि जागतिक आरोग्य संघटनेची दिवसभराची मर्यादाच ५ ग्रॅमच्या आत आहे. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तरी विचारा, कोबीत के जीवनसत्त्व बरंच असतं. केमोथेरपी चालू असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी डॉक्टरांच्या होकाराशिवाय घरचं आंबवलेलं कच्चं खाऊ नये.

खाल्ल्यावर जुलाब-उलट्या थांबत नसतील, पाणीही पोटात ठरत नसेल, शौचातून रक्त पडत असेल किंवा ताप चढला असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पापण्या जड होणं, एकाचे दोन दिसणं, जीभ जड होऊन बोलणं अडखळणं, गिळताना त्रास, हातापायातली ताकद जाणं, यातलं काहीही दिसलं तर दवाखान्याची वेळ बघत बसू नका, थेट मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा, नाहीतर १०८ ला फोन करा. बॉट्युलिझम अतिशय विरळा आहे आणि नीट आंबलेल्या कोबीत होत नाही, पण झाल्यावर तासांचा हिशेब असतो. ही लक्षणं बहुधा १२ ते ३६ तासांत येतात, कधी काही दिवसांनीही. जाताना काय खाल्लं, कधी खाल्लं, किती जणांनी खाल्लं ते डॉक्टरांना सांगा. बरणी धुऊन टाकू नका. झाकण लावून, पिशवीत बांधून बरोबर न्या.